फाटक्या मांड्याचा घास

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी ज्योत्स्ना नेहेतेने मांड्याचा घास तोंडात घातला आणि लगेच मोरीत ओकला.

घासात काही वाईट नव्हतं. पुरण पहाटे शिजवलेलं होतं, तूप घरचं होतं. तिचा नवरा हेमराज त्याच मांड्याचा दुसरा तुकडा खात चुलीपाशी उभा होता. त्याला काही झालं नाही.

"पित्त असेल," तो म्हणाला. "काल कैरीची चटणी किती हाणलीस."

"चटणी तुम्ही हाणलीत. मी नुसती वाटली."

"मग वाटूनच झालं म्हण."

ज्योत्स्नाने चूळ भरली आणि दुसरा घास घेतला. तो ओठांपर्यंतही पोचला नाही. वेलची-जायफळाचा वास आला आणि तिने हात खाली घेतला. पित्त तिला माहीत होतं. ते पोटातून वर येतं. हे वेगळं होतं. गटारीत फुगून तरंगणारा उंदीर दिसला की तोंडात जे पाणी सुटतं, ते आता पुरणाकडे बघून सुटत होतं. सण होता, म्हणून तिने मांडा फडक्याखाली झाकला. तो तिथे आहे एवढ्या जाणिवेनेही तिला दिवसभर कसंतरी होत राहिलं.

सावदा आणि आजूबाजूच्या गावांत लग्न असलं की मांडे करायला ज्योत्स्नाला बोलवत. खापराचा मांडा पोळपाटावर लाटत नाहीत. वस्त्रगाळ कणकेच्या दोन पुऱ्यांत पुरण भरायचं, कडा दाबायच्या आणि तो गोळा दोन्ही हातांवर घेऊन झुलवायचा. एका कोपरापासून दुसऱ्या कोपरापर्यंत तो आपल्याच वजनाने पसरत जातो. पलीकडचं दिसेल इतका पातळ झाला की उलट्या मातीच्या खापरावर टाकायचा. या कामात मनगटापेक्षा कोपराखालच्या हाताला जास्त कळावं लागतं. वजन कुठे सरकतंय, कुठे ताण येतोय, हे डोळ्यांना दिसेपर्यंत मांडा फाटलेला असतो.

हे तिला हेमराजच्या मुक्ताआत्याने शिकवलं होतं. आत्याचा नियम एकच होता: फाटका मांडा ज्याचा त्याने खायचा, आणि तो खाल्ल्याशिवाय दुसऱ्या गोळ्याला हात लावायचा नाही. शिक्षा म्हणून नव्हे. पुरणात डाळीचा अख्खा कण राहिला असेल तर तो दाताखाली येतो. कणीक कमी मुरली असेल तर जिभेला चिकटते. मांडा का फाटला हे तोंडाला कळतं, आणि तोंडाला कळलं की पुढच्या वेळी हात ऐकतो. लग्न होऊन आल्यावर पहिला महिनाभर ज्योत्स्ना दुसरं काही जेवलीच नव्हती, असं हेमराज पाहुण्यांना सांगायचा. पुढे तिने ज्या ज्या बायकांना शिकवलं, त्यांनाही हा नियम तसाच लावला.

मग गेल्या दिवाळीत तिच्या मेंदूच्या उजव्या बाजूची एक बारीक रक्तवाहिनी बंद पडली. जीव वाचला, बोलणं वाचलं. डावा हात मात्र खांद्यापासून ओल्या टॉवेलसारखा लोंबायला लागला.

जळगावच्या डॉ. काबरांनी स्पष्ट सांगितलं होतं. मेलेला भाग परत येणार नाही. पण शेजारचा मेंदू त्याचं काम शिकू शकतो, आणि पहिलं वर्षभर तो शिकायला सगळ्यांत जास्त राजी असतो. रोज हात वापरला तर रस्ते तयार होतील. नाही वापरला तर मेंदू त्या हाताचा नाद सोडेल. "व्यायाम कुठलाही करा काकू, पण रोज. आणि जमेल त्याच्या जरा पुढचा."

"मग मांडेच करते की रोज एक."

"उत्तम. त्याहून अवघड माझ्याकडेही काही नाही."

रोजच्या रोज करणं हाच प्रश्न होता. पडलेला हात उचलायचा कंटाळा हा साधा कंटाळा नसतो. आठवड्यात तीनदा सबबी निघायला लागल्या. तेव्हा पुण्याहून रेवाने, तिच्या मुलीने, 'नित्य' पाठवली.

नित्य म्हणजे कानात चिकटवायची करंगळीच्या नखाएवढी पट्टी. ती कशी चालते हे रेवाने फोनवर नीट समजावलं होतं. सवय मेंदूच्या तळाशी असलेल्या पेशींच्या गाठींमध्ये बसते. बक्षिसाने ती बसते, पण फार हळू. शरीराला बक्षिसापेक्षा जुना आणि जलद शिकवणारा एक मास्तर ठाऊक आहे, तो म्हणजे मळमळ. मेंदूतून निघून घसा आणि हृदयावरून पोटापर्यंत जाणारी एक लांब नस आहे. तिची एक फांदी कानाच्या खळग्यात अगदी कातडीखाली येते. ठरवलेलं काम झालं नाही की पट्टी त्या फांदीला हलकी वीज देते आणि पोटात ढवळतं. काम हातात घेतलं की ढवळणं थांबतं. ती सुटका हेच बक्षीस. पट्टीसोबत मिळणारं मनगटातलं कडं हालचाल मोजतं आणि काम झालं की नाही ते पट्टीला कळवतं.

त्या वर्षी नित्य सगळीकडे होती. लोक तिच्या जोरावर पहाटे उठत, सिगारेट सोडत. जळगावातल्या एका क्लासने ती पोरांना पाढ्यांसाठी लावली होती आणि आयांनी त्यासाठी रांगा लावल्या होत्या. जाहिरातीत एक गुळगुळीत चेहऱ्याचा माणूस कानाला बोट लावून म्हणायचा, "चुकाल तर कळेल."

ज्योत्स्नाला ती आवडली. पहिल्या आठवड्यातच सबबी बंद झाल्या. पहाटे खापर तापायचं, हात उचलला जायचा. उजव्या हाताने डाव्यावर गोळा ठेवून ती झुलवायला बघायची आणि मांडा फाटायचा. कडं थरथरायचं, पोटात लिफ्ट खाली जावी तसं व्हायचं. मग ती नियमाप्रमाणे फाटका मांडा खायची आणि दुसरा गोळा घ्यायची. दुसरा घेतला की पोट शांत व्हायचं. होळीपर्यंत डावा हात खांद्याच्या उंचीला यायला लागला. मांडा पूर्वीइतका गोड लागत नाही हे तिच्या लक्षात आलं होतं. तिने तूप वाढवलं.

आखाजीच्या आदल्या आठवड्यात तिनेच रेवाला पट्टीचा जोर वाढवायला सांगितलं.

"मम्मी, सगळ्यात वरचा लोक सिगारेटला लावतात."

"लाव गं. मुक्ताआत्याची चापट याच्यापेक्षा जोरात बसायची."

रेवाने लावला.

आखाजीनंतर किळस पसरत गेली. आधी पुरण गेलं, मग गूळ, मग तूप. मग दुसऱ्याच्या घरात तापणाऱ्या तव्याचा वास आला तरी ती पदर नाकाला लावून मागच्या दारी जायची. भात आणि काकडी तेवढी पोटात राहत होती. आणि तरीही ती रोज सकाळी मांडा करत होती, कारण न केलं तर ढवळायचं आणि केलं तर ओकारी यायची. खायचं मात्र तिने सोडलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने फाटका मांडा तोंड फिरवून गाईपुढे टाकला.

मग हेमराजची पाळी आली. तो केळीच्या वखारीत पिकवणीचं काम बघायचा आणि त्याच्या कपड्यांना नेहमीच पिकल्या केळीचा गोडसर वास असायचा. त्या वासाचं तिला कधी काही वाटलं नव्हतं. पण तो रोज सकाळी तिच्याजवळ उभा राहून तिच्याच मांड्यातला तुकडा मोडून खात आला होता, आणि पोटाने त्यालाही त्याच हिशेबात धरलं. एका संध्याकाळी तो चहाचा कप घेऊन शेजारी बसला. त्याच्या श्वासाला वेलचीचा वास होता. ज्योत्स्ना उठली, मोरीपर्यंत पोचली नाही.

त्याने फरशी पुसली. मग दारातून विचारलं, "माझं काही चुकलं का?"

"नाही हो."

"मग तोंड का फिरवलंस?"

सव्वीस वर्षं ज्याच्या ताटात ती जेवली होती, त्या माणसाच्या ओठांना चिकटलेला चहाचा थेंब तिला पू असावा तसा दिसत होता. तो थेंब चहाचा आहे हे तिला कळत होतं. कळण्याचा काही उपयोग नव्हता.

जळगावला डॉ. काबरांनी सगळ्या तपासण्या केल्या. पोट ठीक, यकृत ठीक. त्यांनी कड्यातल्या नोंदी पडद्यावर उघडल्या आणि सहज विचारलं, "पट्टी ढवळायला लागते, तेव्हा तुम्ही नेमकं काय करता?"

"फाटलेला मांडा खायचे. आता जात नाही."

डॉक्टरांनी मान वर केली. "खायचात? ढवळत असताना?"

"मग काय फेकायचा? खाल्ल्याशिवाय दुसरा घेत नाही आमच्यात."

"रोज?"

"आखाजीपर्यंत रोज. आणि तूप वाढवलं होतं, जात नव्हता म्हणून."

काबरा म्हणाल्या, "काकू, हे मला विचारायला हवं होतं. सुचलंच नाही. कुणालाच सुचलं नसणार."

त्यांनी जे सांगितलं ते साधं होतं. कानातली वीज पोटाला ओळखता येत नाही. पोटाला एवढंच कळतं, की तोंडात अमुक चव होती आणि मळमळलं. म्हणजे ती चव विषारी. उंदीर विषाच्या आमिषातून एकदा वाचला तर तो पदार्थ जन्मात पुन्हा तोंडाला लावत नाही, तो याच कारणाने. बाकी सगळं शिकायला मेंदूला शंभर वेळा लागतात, हे एका वेळेत शिकतो, आणि समजावून सांगितलं तरी सोडत नाही. कंपनीच्या चाचण्यांत माणसं लाकडी ठोकळे एका खोक्यातून दुसऱ्या खोक्यात टाकत होती. ठोकळा पडला म्हणून तो कुणी खाल्ला नव्हता.

"आणि दुसरं," काबरा म्हणाल्या. "तुम्ही मांडा केलाच नाही आणि तुम्ही केला पण फाटला, या दोन्हींना हे कडं एकच खूण करतंय. अपूर्ण. न करणारा आणि करताना चुकणारा यात यंत्राला फरकच नाही. हात तर चुकूनच सुधारतो. मेंदू आधी अंदाज बांधतो, तो हुकतो, किती हुकला ते मोजून तो पुढचा अंदाज बांधतो. चुकीचीच किळस बसली तर मेंदू तिच्याकडे बघणार कसा?"

त्यांनी तिथेच पट्टी आणि कडं दोन्ही काढलं. कानाच्या खळग्यात वाटाण्याएवढा लाल डाग उमटला होता.

कंपनीशी बोलणं रेवाने जुळवून आणलं. पडद्यावर एक तरुण होता, इस्त्रीच्या शर्टातला, मागे हिरवी झाडं. सगळं ऐकून घेताना तो मान हलवत होता.

"मॅडम, तुमचा अनुभव आमच्यासाठी फार मोलाचा आहे," तो म्हणाला. "पण डेटा बघितला तर तुमचं सातत्य राज्यात वरच्या एक टक्क्यात आहे. अभिनंदन."

"मी भात-काकडी खाऊन जगतेय," ज्योत्स्ना म्हणाली.

"हो, ते आम्ही नोंदवलंय. त्यासाठी आमची दुसरी पट्टी आहे, 'नित्य मधुर'. ती बरोबर उलटं करते. खाताना सुखद संवेदना देते. तुम्हाला ती पूर्ण मोफत. आणि तुमची हरकत नसेल तर हात वर करतानाचा एक छोटा व्हिडिओ..."

हेमराजने हात पुढे करून पडदा बंद केला. "याला पुसायला सांगा फरशी," तो म्हणाला.

पट्टी गेली, पण किळस गेली नाही. उलट तिला नवी जागा सापडली. एका सकाळी ज्योत्स्नाने डाव्या हाताची बाही वर केली. कोपराखाली बारीक लव होती आणि तिच्यात वाळलेल्या कणकेचे पांढरे कण अडकले होते. तिला ते अळ्यांसारखे दिसले. हात लोंबत होता, फिकट, जरा सुजलेला, पाण्यात फार दिवस राहिलेल्या माशासारखा. हाच हात रोज चुकत होता. याच हातावर रोज मांडा फाटत होता. तिने बाही खाली ओढली, वरून रेवाची जुनी ओढणी गुंडाळली आणि हात पोटाशी बांधून टाकला. आंघोळीच्या वेळी तो ती न बघता धुवायची.

शोभा भारंबे आली तेव्हा तो तसाच बांधलेला होता. शोभा तिची जोडीदारीण, लग्नाच्या कामांना दोघी मिळून जायच्या.

"काय वहिनी, हात माहेरी पाठवलास का?"

"दुखतो."

"दुखतो तर हलव. बांधून ठेवलाय चोरासारखा." शोभाने पिशवीतून डबा काढला. "बघ, काल न्हावी गावच्या लग्नात तुझ्या जागेवर ती नवीन पोर होती. अर्धे फाडले मेलीने. तिने खाल्ले तेवढे खाल्ले, उरलेले तुला आणलेत. खाऊन सांग काय चुकलं ते. मला वाटतं पुरण रवाळ राहिलं."

डबा उघडला. ज्योत्स्ना भिंतीला टेकली. तिने ओठ घट्ट मिटले, पण ओकारीचा आवाज दाबता आला नाही.

शोभाने झाकण लावलं. तिचा चेहरा उतरला होता. "माझ्या हातच्याची किळस आली तुला?"

"तुझ्या हातच्याची नाही. सगळ्याचीच."

"माझ्यासमोर तोंड धरलंस वहिनी. परकं माणूस असतं तर मी काही बोलले नसते." तिने डबा पिशवीत टाकला. दारात थांबून म्हणाली, "त्या पोरीला काय सांगू मग?"

कण होता की कणीक होती, हे तोंडाला कळल्याशिवाय सांगता येणारच नव्हतं.

पोळ्याच्या सुमारास काबरांनी हात पुन्हा तपासला. होळीला खांद्यापर्यंत येणारा हात आता कमरेच्या वर येत नव्हता. वर्ष संपायला फार दिवस उरले नव्हते.

"दोन रस्ते आहेत," त्या म्हणाल्या. "ती मधुर पट्टी घेतली तर महिन्याभरात मांडा गोड लागेल. मी खोटं सांगणार नाही, बहुतेक लागेलच. पण फाटलेलाही गोड लागेल आणि फाडलेलाही. मग हात सुधारायचं काही कारण उरेल की नाही, मला माहीत नाही. दुसरा रस्ता म्हणजे पट्टीशिवाय तीच चव रोज थोडी घ्यायची आणि पोटाला दाखवायचं की बघ, काही झालं नाही. जुनी किळस पुसली जात नाही, तिच्यावर नवा अनुभव बसतो. हळू बसतो. कधी महिनाभर चांगलं जातं आणि एके दिवशी सगळं परत येतं."

"किती वेळ लागेल?"

"हाताकडे आहे त्याहून जास्त, कदाचित."

रेवा त्या शनिवारी घरी आली. पिशवीतून तिने मधुर पट्टीचं खोकं काढून ओट्यावर ठेवलं.

"मम्मी, हट्ट करू नकोस. तुझं वजन बघ. पप्पा बाहेर ओसरीत जेवतात, कसं दिसतं ते?"

"मला दिसतं कसं दिसतं ते."

"मग घाल ना. मीच पहिली आणली होती, मीच जोर वाढवला होता. ही पण मीच लावते."

"जोर मी वाढवायला लावला होता. ते तुझ्या नावावर घालू नकोस." ज्योत्स्नाने खोकं उचललं, उलटंसुलटं करून बघितलं. त्यावर तोच गुळगुळीत चेहऱ्याचा माणूस होता, या वेळी जीभ ओठांवरून फिरवत. तिला आतून शहारा आला. हा शहारा मात्र तिचा स्वतःचा होता, आणि तो ओळखता आल्याचं तिला बरं वाटलं. "किळसही यांनीच द्यायची आणि गोडीही यांनीच द्यायची. मग या तोंडात माझं काय राहिलं, रेवा?"

"हात राहील."

खोकं ज्योत्स्नाने फेकलं नाही. मसाल्याच्या डब्यामागे ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ओढणी सोडली. हाताकडे न बघता बाही वर केली, मग बघितलं. खापर ठेवलं. पहिला मांडा डाव्या हातावर येताच फाटला. त्यातला नखाएवढा तुकडा तिने जिभेवर ठेवला आणि तो मोरीत गेला. दुसऱ्या दिवशीही गेला. दसऱ्याच्या आधी दोन दिवस सलग तुकडा पोटात राहिला, आणि दसऱ्याला सगळं जेवण बाहेर पडलं. त्या दिवशी तिने दुपारभर हात पुन्हा बांधून ठेवला. संध्याकाळी सोडला.

हेमराज सकाळी स्वयंपाकघरात येत नसे. त्याने चहातली वेलची सोडली होती, वखारीतून आल्यावर मागच्या दारी आंघोळ करूनच तो आत यायचा. मांड्याच्या वेळी अंगणात पाठमोरा उभा राहायचा.

"पडला का आत?" तो तिथून ओरडायचा.

"पडला. थांबतोय का बघते."

"त्याला म्हणावं बस जरा. घाई काय आहे."

कोजागिरीनंतरच्या सोमवारी मांडा फाटला तेव्हा तिने पहिल्यांदा फाटलेल्या जागेकडे नीट बघितलं. कडं असताना ती फक्त ते थरथरतंय का एवढंच बघत होती. फाट कोपराशी नव्हती, मनगटाच्या आतल्या बाजूला होती. कालचीही तिथेच होती. हात वर येताना मनगट आत वळत होतं आणि अंगठा मांड्याला टोचत होता. ती वाकून बघत राहिली. मग तिने त्याच जागेचा तुकडा मोडला, मोठा, घासाएवढा, आणि तोंडात घातला.

गूळ कळला. मग किळस आली, तशीच, गटारीच्या पाण्यासारखी. तिच्याखाली दाताला काहीतरी लागलं. डाळीचा कण नव्हता. कणीकच जरा कच्ची होती, कमी मुरलेली. तिने चावलं. डोळ्यांत पाणी आलं, घसा दोनदा वर आला. तिने गिळलं.

"पडला का?" अंगणातून आवाज आला.

ती मोरीपाशी वाकून उभी होती. उत्तर द्यायला तोंड उघडण्याची तिची छाती होत नव्हती. परातीत दुसरा गोळा फडक्याखाली होता, खापर तापून काळं पडलं होतं. मोरीच्या कठड्यावर तिचा डावा हात होता, बोटं पुढे वळलेली. तो तिथे कधी ठेवला ते तिला आठवत नव्हतं.

घास अजून आत होता.